तोंडं सोडून बाकीचं

डॉक्टरीणबाईंना माणसाच्या तोंडाची किळस होती, आणि जन्म गेला तो दातांच्या डॉक्टरांच्या घरात. अशा जोड्या वर कोण जुळवतं हे विचारायला जायचं तर आधी मरावं लागतं, म्हणून त्यांनी ते कधी विचारलं नाही. नवरा आतल्या खोलीत लोकांच्या दाढा उपटायचा, आणि त्या बाहेर टेबलाशी बसून नंबर लावायच्या, केसपेपर लिहायच्या. कुठला दात, कुठली हिरडी, सगळं कागदावरच पाठ. पण आतून चूळ टाकल्याचा आवाज आला की बाई रेडिओ मोठा करायच्या. त्या दाराच्या आत त्यांनी पाऊल म्हणून टाकलं नव्हतं.

आता दवाखाना बंद झाला होता. डॉक्टरांची नजर पार अधू झाली होती. समोर कुणी बसलंय एवढं कळे, कोण ते कळत नसे. मग भाचीने नवा कॉम्प्युटर आणून दिला आणि बजावलं, "मावशी, जुन्या हार्ड डिस्कमधलं सगळं यात घे. त्या कधी मान टाकतील नेम नाही."

हार्ड डिस्क दोन होत्या, दवाखान्याच्या खणात पडलेल्या. वरचं रबर म्हातारं होऊन इतकं चिकट झालं होतं की बोटाला लागलेलं सुटता सुटेना. त्यावर केस चिकटलेला, कापसाचा बोळा चिकटलेला, झुरळाचा एक पायसुद्धा. बाईंनी दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि केबल जोडली. पण खरी घाण आत होती.

डॉक्टरांची रीतच तशी. कॅमेरा घरात एकच. दिवसभर त्याने पेशंटची तोंडं टिपायची आणि संध्याकाळी त्यानेच घरच्यांचे फोटो काढायचे, नि सगळं एकत्र ओतून ठेवायचं. नाव नाही, गाव नाही. केक कापणारी भाची, तिच्या पाठोपाठ पू झालेली हिरडी. समुद्रावर उभे असलेले सासूसासरे, आणि त्यांच्या शेजारी एक काळी दाढ, तिच्या भोकात कालचं जेवण.

पहिल्या डिस्कशी बाई एकट्याच झुंजल्या. डोळे किलकिले करून माणसं तेवढी उचलली, तोंडं मागे ठेवली, आणि मग ती डिस्क साफ पुसून टाकली. नव्या कोऱ्या भांड्यात कुणाचं उष्टं कशाला ओतायचं?

भाची आली तेव्हा बाईंनी हे फुशारकीने सांगितलं. भाचीचा चेहरा पडला.

"सगळी तोंडं पुसलीस?"

"मग काय त्यांचा अल्बम करायचा?"

"मावशी, आईसुद्धा त्यांच्यातच असेल ना."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. भाचीची आई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताईचे दात पुढे होते, आणि त्याची तिला एवढी लाज की फोटो काढताना तोंडावर हात गेलाच म्हणून समजा. लग्नाच्या फोटोत हात, बारशाच्या फोटोत हात. ती गेली तेव्हा पोर अजून बोबडं बोलत होती. शेवटच्या वर्षी मात्र ताईने धीर केला होता, दात नीट करून घ्यायला मेहुण्यांच्या खुर्चीत येऊन बसली होती.

"सगळे मला म्हणतात, तू हसलीस की तुझी आई आठवते," भाची म्हणाली. "मला मेलीला कुठे आठवतेय? हात आठवतो फक्त. काका, तुम्ही तिचे फोटो काढले होते ना?"

"काढले होते की. बरेच," डॉक्टर खुर्चीतून म्हणाले.

"कुठल्या डिस्कमध्ये?"

"ते काय सांगू? एक भरली की दुसरी घेतली."

"अहो, निदान नावं तरी घालायची," बाई म्हणाल्या.

"नावं कशाला? माणसाने आ केला की मी ओळखायचो."

आता आ करणारे समोर होते आणि ओळखणारे डोळे नव्हते. राहिलेली डिस्क जोडली. भाचीने स्क्रीनवर बघून वर्णन करून पाहिलं, पण तिला टाळू कुठला आणि हिरडी कुठली याचा पत्ता नव्हता. डॉक्टर वैतागले. "हिचं काम नाही हे. तू सांग. केसपेपर लिहायचीस तसं सांग."

बाईंनी रुमाल नाकाला लावला. स्क्रीनला वास नसतो हे त्यांना कळत होतं, पोटाला कळत नव्हतं.

"खालचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेत. मागून पिवळी पुटं. शी."

"पोस्टमन. पुढे."

"वरची डावी दाढ अर्धी उडालीय. हिरडी जांभळी. जिभेवर शेवाळ."

"शाळेच्या मोठ्या बाई. फार गोड बाई."

"गोड कसल्या, मला ढवळतंय."

"अगं, रोज लोकांची तोंडं बघूनच मी तुला दोन वेळचं खायला घातलं."

"म्हणूनच ते कधी अंगी लागलं नाही. हा बघा, हा मेला जन्मात दात घासत नसावा. सगळी रांग हिरवी."

"सुळ्याला चांदी भरलीय?"

"भरलीय."

"तुझा भाऊ."

"मामा?" भाचीला हसू आवरेना. बाईंना हसूही आलं आणि उमासाही, आणि दोन्ही एकदम गिळताना त्यांना ठसका लागला.

तोंडांमागून तोंडं गेली. गळवं, फोड, तुटकी मुळं, टाळूला चिकटलेला घास. माणूस याच तोंडाने देवाचं नाव घेतो, आणि देव ते ऐकून घेतो. केवढं त्याचं पोट, बाईंना वाटलं. आपलं काही तेवढं नव्हे. दुपार कलली तेव्हा त्या थांबल्या.

"वरचे पुढचे दोन बाहेर आलेत. मधे फट. एकाचा कोपरा उडालेला. चिमट्याने ओठ ताणलेत, रक्त साकळलंय, नुसती लाळ."

डॉक्टर सरळ बसले. "टाळूकडे एक बारका दात आहे? जास्तीचा?"

बाईंना वाकून बघावं लागलं. "आहे."

"ताई आहेत त्या."

भाची स्क्रीनजवळ गेली. बघत राहिली. लाल, ओलं, ताणलेलं एक भोक. "ही आई?" तिने अगदी हळू विचारलं. त्यात ओळखीचं काहीच नव्हतं.

बाईंनी पुढचं उघडलं. पुन्हा तेच, दुसऱ्या बाजूने. त्याच्या पुढचं. आणि मग एकदम अख्खा चेहरा आला. चिमटा काढलेला, इंजेक्शनने अर्धा ओठ लोंबत होता, हनुवटीवर गुलाबी लाळेची तार. मेहुण्यांनी काहीतरी विनोद केला असणार. ताई हसत होती, सगळे दात दाखवत. तोंड बधिर झालेलं. आपण हसतोय हे तिला कळलंच नसावं, म्हणून हात मांडीवरच राहिला होता.

भाचीने नकळत स्वतःच्या ओठांना बोट लावलं.

"ती लाळ पुसता येते म्हणे हल्ली फोटोत," बाई म्हणाल्या.

"कशालाही हात लावू नकोस, मावशी."

भाचीने फोटो नव्या कॉम्प्युटरवर घेतला, तो उघडतोय ना हे पाहिलं आणि पुन्हा एकदा घेतला. बाईंच्या घशाशी आलं होतं. रुमाल चुरगळून त्यांनी मुठीत धरला, पण मान वळवली नाही.

"कशा दिसतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"घाण," बाई म्हणाल्या. "अगदी घाण दिसतेय हो. हसतेय."