सहाचा बल्ब

आमच्या ह्यांची जुनी मोटारसायकल सहा व्होल्टची होती, दिवा कंदिलासारखा मिणमिणायचा. त्र्याण्णव साली आम्ही दोघांनी अंगणात बसून तिचं चार्जिंग बारा व्होल्टचं केलं. वायरी मीच धरल्या होत्या.

पुढच्याच वर्षी हे गेले. तेराव्याला धाकटे दीर कानिफनाथ म्हणाले, "वहिनी, घरात गडी न्हाई. गाडी मी नेतो."

"माझी लेक आहे की! शैला चालवते गाडी. तिला राहात्याला नोकरीवर जायचंय."

"बायामानसांना मशीनीतलं काय कळतंय?"

मी दिव्यातला बाराचा बल्ब तेवढा काढून घेतला आणि चावी त्यांच्या हातात दिली.

भावजींनी नेहमीसारखा सहाचा बल्ब लावला. बाराच्या करंटनं तो फट्कन उडाला. दुसरा लावला, तोही गेला. मेकॅनिकला विचारायला अभिमान आडवा यायचा. शेवटी एका संध्याकाळी अंधारात गाडी ढकलत आमच्या दारात आले.

"ठेवा तुमची गाडी. हिला काय झालंय वहिनी?"

"बायामाणसांना मशीनीतलं काय कळतंय, भावजी?"

ते फाटकापर्यंत पोचायच्या आत शैलानं जपून ठेवलेला बल्ब बसवला. लख्ख उजेड त्यांच्या पाठीवर पडला. त्यांनी वळून पाहिलं. मी हसले.