निळी आणि नळी

आरशासमोर उभं राहून सिस्टरनं डोक्यावरच्या निळ्या रुमालाची गाठ सोडली, तेव्हा मोठ्या सिस्टर दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सत्तावीस वर्षं दोघी एकाच वॉर्डात. पण एकीचे केस दुसरीला आज पहिल्यांदा दिसणार होते, आणि तेही सरकारी परिपत्रकानुसार.

"झालं का गं?"

"झालं."

मोठ्या सिस्टर वळल्या. "पांढरे झालेत की तुझे," असं बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

परिपत्रक बाहेर फळ्यावर लागलं होतं. सरकारी जागेत धर्म दिसेल असं काही अंगावर नको. देश एक, संस्कृती एक, कायदा सगळ्यांना सारखा.

"सारखाच म्हणायचा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "माझ्या डोक्यावर काही नव्हतंच, त्यामुळे माझं काही गेलं नाही."

सिस्टरच्या लेकीनं उभ्या जन्मात रुमाल बांधला नव्हता, पण सकाळी तीच जास्त भडकली होती. "आई, राजीनामा फेक त्यांच्या तोंडावर." फेकायला काय जातं? पण मग मास्तरांना भरवणार कोण?

मास्तर म्हणजे कोपऱ्यातल्या खाटेवरचे म्हातारे. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि आता सगळं पुसलं गेलं. बायकोचं नाव आठवत नाही, भेटायला आलेल्या मुलाला 'साहेब' म्हणतात. डोक्यात एकच खूण राहिली होती, निळा रुमाल. तो दिसला की तोंड उघडायचं. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायचे. मागे सिस्टर तापानं आठवडाभर घरी होती, तेव्हा नाकातून नळी घालावी लागली. ती उपटतात म्हणून हात खाटेला बांधले. तेव्हापासून वॉर्डात थट्टाच झाली होती: मास्तरांना निळी, नाहीतर नळी.

सिस्टर वाटी घेऊन खाटेशी बसली. मानेला वारा लागत होता. सगळा वॉर्ड आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटत होतं, आणि तिला लाज वाटत होती, राग त्याहून जास्त येत होता.

"मास्तर, जेवायचं ना?"

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही नवीन का? निळीला पाठवा."

"अहो, मीच ती. आवाज ओळखा की."

वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीकडे बघावं तसे ते हसले. "नाही हो, बाई."

चमचा ओठांना लागला आणि ओठ मिटले. न्याहारी तशीच परत गेली. दुपारचं जेवणही गार झालं. सिस्टर वाटी घेऊन मोठ्या सिस्टरांच्या टेबलापाशी गेली.

"भरवण्यापुरता बांधू का? दहा मिनिटं."

मोठ्या सिस्टरांनी वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी मागतेयस, हे मला कळतं गं. पण रुमाल कशासाठी बांधला, हे त्या कागदात विचारलेलं नाही. तुझी नोकरी जाईल, माझीही जाईल, आणि मास्तर आहेत तिथेच राहतील."

डॉक्टर फेरीला आले. भरलेली वाटी बघून त्यांनी कागदावर लिहिलं.

"संध्याकाळी नळी घाला."

"डॉक्टर, आजचा एक दिवस बघू या ना."

"सिस्टर, सकाळपासून उपाशी आहेत ते. मला हौस आहे का?"

पाळी संपायच्या आधी तिनं कपाटातून हात बांधायच्या पट्ट्या काढल्या. त्या मनगटाला करकचतात, म्हणून आतून कापूस लावला आणि खाटेच्या दांडीवर ठेवल्या. मास्तर शांतपणे बघत होते.

"बाई, तुम्ही घरी निघालात?"

"हो."

"निळी भेटली तर एक निरोप द्याल?"

"द्या ना."

"म्हणावं, मास्तर अजून जेवले नाहीत. वाट बघतायत."

"सांगते," ती म्हणाली.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी नव्हतं. तिनं पिशवीतून रुमाल काढला, डोक्यावर घेतला, रोजच्यासारखी गाठ मारली. मग आरशातल्या बाईकडे पाहून हळूच म्हणाली, "मास्तर जेवले नाहीत गं. वाट बघतायत."