खर्जाची तार

बसप्पाने खुंटी आणखी अर्धा वेढा पिळली आणि लोखंडी तार किंचाळली. त्याने कान जवळ नेऊन ती अंगठ्याने छेडली आणि कडू काकडी दाताखाली आल्यासारखं तोंड केलं.

"बसप्पा," भिंतीपलीकडून दगडाबाई ओरडली, "तुझ्या हत्तीचं पोट दुखतंय व्हय रं आज?"

"तारा बदलतोय, मावशी."

"बदल बाबा. पर सकाळधरनं नुसतं कुईकुई चाललंय. माजं दार बी एवढं वरडत न्हाय."

हत्ती हे नाव गल्लीने ठेवलं होतं. माणसाच्या उंचीचं, जमिनीवर उभं करून वाजवायचं ते डबल बेस आख्ख्या सोलापुरात एकच. एक सर्कस इथे येऊन मोडली तेव्हा तिच्या बँडचे पिंटो मास्तर ते वाद्य आणि ते वाजवायची विद्या, दोन्ही बसप्पाच्या गळ्यात घालून गोव्याला निघून गेले. तेव्हापासून बसप्पा सिनेमाच्या थिएटरात पडद्याखाली उभा राहून ते वाजवत आला. चित्रं मुकी, म्हणून आवाज वाजवणाऱ्यांनी करायचा. नायिका रडली की फिडल, लग्न लागलं की पेटी आणि राक्षस आला, वादळ आलं, राजा मेला की बसप्पा. प्रेक्षकांना तो आवाज कानाआधी बाकातून कळायचा. घरी जाताना मात्र लोक पेटीवाल्याचं कौतुक करत जायचे. पडद्याखालच्या अंधारात कोण उभं होतं याची चौकशी कोण करतो!

चटईवर दोन पुडकी उघडी पडली होती. मुंबईच्या दुकानदाराने ती पसंतीसाठी पाठवली होती; ठेवायच्या त्या ठेवा, उरलेल्या परत करा. एकात चार लोखंडी तारा होत्या. दुसऱ्यात एकच, सगळ्यात खालच्या सुराची, खर्जाची. ती वरून तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, लालसर आणि बोटाएवढी जाड होती. आत मात्र तात होती. तात म्हणजे मेंढीच्या आतड्याला पीळ देऊन केलेली दोरी. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तीच. वाद्यावरच्या जुन्या चारही तारा तातीच्याच होत्या. त्या काढून बसप्पाने पिशवीत भरल्या होत्या आणि पिशवी दाराबाहेर वळचणीला टांगली होती.

कारण दुपारच्या गाडीने चंद्रव्वा येणार होती.

चंद्रव्वा त्याची बायको. दोन दिवाळ्या तिने दुधनीला भावाकडे काढल्या होत्या. भांडण म्हणाल तर झालंच नव्हतं. लग्न ठरताना सासऱ्याने त्या वाद्याकडे बोट करून विचारलं होतं, ह्या दोऱ्या कसल्या? घर लिंगायताचं, मांसाचं नाव निघालं तरी चूळ भरणारं. "रेशमाच्या," बसप्पा म्हणाला होता. एवढंच. सोयरीक मोडू नये म्हणून बोललेला एक शब्द. लग्नानंतर खरं सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण चांगलं चाललेलं असताना घाण कोण उपसतं? आज सांगू, उद्या सांगू करता करता चंद्रव्वानेच त्या तारांचा ताबा घेतला. तारा सुकू नयेत म्हणून त्यांना तेल लागतं हे कळल्यावर दर सोमवारी अंघोळ करून ती बोटांनी त्यांना करडईचं तेल लावायची. वर विभूतीचं बोट ओढायची. मग त्याच हाताच्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायची. बसप्पा हे बघायचा.

एका दिवाळीआधी गाद्यांचा कापूस पिंजायला इमामभाई आला. अंगणात त्याची तात तुटली. दारातून आत डोकावला तर देवळीत लिंगाच्या डबीशेजारी विभूती लावलेली एक जादा तार गुंडाळून ठेवलेली.

"भाभी, वो तात देव ना. मेरी टूट गई."

"तात न्हवं ती. रेशीम हाय."

"रेशीम कायका, भाभी? मेंढे की आंत है. इसीच पे तो मेरा पेट चलता."

बिचारा हसून बोलला. त्याला काय ठाऊक! चंद्रव्वाने ती तार दोन काड्यांनी उचलून त्याला दिली. मग विहिरीवर जाऊन राखेने हात घासत बसली. इतका वेळ घासले की कातडी सोलली. संध्याकाळी तिने बसप्पाला एकच वाक्य ऐकवलं, "ह्याच हातात लिंग घेत हुते की ओ मी." सकाळी ती दुधनीच्या गाडीत बसली.

त्यानंतर बसप्पा एकटा झाला, आणि त्याला फार एकटं वाटायचं. यात नटवून सांगण्यासारखं काही नाही. खानावळीत जेवायचा, दुपारी वाद्य घेऊन बसायचा, भिंतीपलीकडून दगडाबाईने टोमणा मारला की त्याला तेवढंच बरं वाटायचं. चंद्रव्वा असताना दुपारच्या रियाजाला ती स्वयंपाकघरात काहीतरी आपटत असायची. ती आदळआपट गेली आणि त्याला स्वतःचंच वाजवणं जास्त ऐकू यायला लागलं. ते त्याला आवडेना.

वाद्य विकून टाका, असं मेव्हणा निंगप्पा म्हणाला होता. ते काही बसप्पाच्याने होईना. पोट त्यावर होतं आणि जीवही. मग आता तूर विकायला सोलापूरला आला तेव्हा निंगप्पाने निरोप आणला, "ती म्हणती, घरात आतडं नसलं तर येते. मी आणून सोडतो. पर दाजी, परत असलं काय निगालं तर मी पुन्ना सोडाया येणार न्हाय. त्येबी सांगून ठेवतो."

म्हणून या लोखंडी तारा.

वरच्या तीन त्याने मनाला समजावून चढवल्या. तातीचा आवाज अंमळ उशिराने उठायचा, आधी लाकडात जिरायचा आणि मग बाहेर यायचा. लोखंडाला तेवढा दम नव्हता. बोट लागायच्या आत ते बोलून मोकळं. पण सूर सच्चा लागत होता. फिडल आणि पेटीच्या आड हे खपून जाईल, बसप्पा स्वतःशी म्हणाला. बायको येतेय म्हटल्यावर माणसाने एवढं सोडायला नको?

चौथी मात्र जमेना. लोखंडी खर्ज लावला तर तारेवर ओढायचा गज नुसता घसरायला लागला. त्याने गजाला राळ फासली. तारांखालची लाकडी घोडी केसभर सरकवली. तार उतरवली, परत चढवली. आवाज यायचा, पण पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवावेत तसा. या आवाजावर कुठला राजा मरणार? पोरं हसतील. आणि पोरांचं सोडा, रोज दुपारी या खोलीत त्याला स्वतःला हा आवाज ऐकायचा होता, मरेपर्यंत.

त्याने तांबं गुंडाळलेली तार हातात घेतली. नुसती ऐकून बघू. परत तर करायचीच आहे.

चढवली. हळूहळू ताणली. गज ठेवून एकदाच ओढला.

भिंतीपलीकडे दगडाबाईचं जातं थांबलं.

"आता कसं!" ती म्हणाली. "आता बरं वाटलं बग त्याला."

बसप्पाने गज चटईवर ठेवला. वरून तांबंच दिसतंय. तीन तर सोडल्या आपण, चारातल्या तीन. तिने विचारलं तर खरं सांगायचं. तोंडावर खोटं बोलायचं नाही, आता नाहीच. पण विचारलंच नाही तर आपण होऊन कशाला काढायचं? माणूस स्वतःशी असले तह करायला लागला की खुशाल समजावं, गडी घसरला. चौथी लोखंडी तार त्याने पुडक्यात घातली आणि पुडकं बांधून टाकलं. ती काढायची, दुसरी चढवायची म्हटलं तरी अजून वेळ होता. तेवढ्यात त्याने घर झाडून घेतलं.

गाडी वेळेवर आली असावी. दारात आधी निंगप्पा दिसला. त्याच्या खांद्यावर चंद्रव्वाचं गाठोडं होतं. मागे ती.

ती बारीक झाली होती. हाताला भेगा पडलेल्या. भावजयीच्या घरात फुकटचं कोण खाऊ घालतं! उंबऱ्याबाहेरच थांबून तिने आधी कोपऱ्यातल्या वाद्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"काडलं?"

"काडलं. ती काय भायेर पिशवी."

निंगप्पाने पिशवी दोन बोटांत धरली आणि लांब हात करून दगडाबाईच्या भिंतीकडे नेऊन ठेवली. "जाताना पिंजाऱ्याला देतो. त्याचं तरी काम व्हईल." हात धोतराला पुसून तो परत दारात उभा राहिला. गाठोडं मात्र त्याने खाली ठेवलं नाही.

चंद्रव्वा आत आली. वाद्यासमोर उभी राहिली. हात न लावता तिने एकेक तार वरून खालपर्यंत निरखली.

"ह्या तीन लोखंडाच्या."

"व्हय."

"आनी ही तांब्याची?"

"व्हय."

"आत?"

"आत काय?"

"न्हाय, जरीला कसं, वरनं तार असती आनी आत दोरा. अव्वाच्या लुगड्याची जर जाळली तवा आतलं समदं जळून गेलं, वरचं तेवढं ऱ्हायलं. म्हनून इचारते." तिने त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत संशय नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं. "शपत घालत न्हाय मी. तुमी सांगा म्हंजे झालं."

तात हा शब्द अगदी ओठावर आला होता. बसप्पाने खरंच तोंड उघडलं. मग त्याला तिच्या बोटांवरच्या भेगा दिसल्या. आणि तिच्यामागे दारात निंगप्पा, खांद्यावर गाठोडं तसंच.

"आत बी तारच," बसप्पा म्हणाला. "जाड असती. वरनं बारीक गुंडाळल्याली."

चंद्रव्वाने मान हलवली. निंगप्पाने गाठोडं खाली ठेवलं आणि तांब्याभर पाणी मागितलं.

तो संध्याकाळच्या गाडीला उशीर नको म्हणून लगेच निघाला. चंद्रव्वाने पदर खोचला. पाणी तापवलं, अंघोळ केली. मग तळव्यावर लिंग घेऊन डोळे मिटून बसली. बसप्पा खिडकीपाशी उभा होता. स्वयंपाकघरात भांडं वाजलं तेव्हा त्याला हसू आलं होतं, आणि आता त्याची नजर तिच्या तळव्यावरून हलत नव्हती. पूजा झाली. विभूती लावलेली तीन बोटं घेऊन ती उठली आणि कोपऱ्याकडे निघाली.

"ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला.

"का? आता काय हाय त्याला?"

तिने वाद्याच्या छातीवर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या. मग चारही तारांवरून एक बोट फिरवलं. तांब्याच्या तारेवर जरा जास्तच वेळ, बहुतेक तीच जाड म्हणून. कपाळ टेकवलं. बसप्पाने मान वळवली. बाहेर गल्लीत कुणी नव्हतं.

"वाजवा की ओ. किती दीस झालं."

त्याने गज घेतला आणि वरच्या तारेवर काहीतरी वाजवलं. फिडलवाल्याची कुठलीतरी चाल.

"ती न्हवं. मोठी वाजवा."

"ती नवी हाय. अजून बसल्याली न्हाय."

"असू दे."

आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. बसप्पाने गज तांब्याच्या तारेवर ठेवला. पिंटो मास्तरांनी शिकवलं होतं तसं, दाबायचं नाही, नुसतं हाताचं वजन सोडायचं. खर्ज उठला. आधी लाकडात जिरला, मग फरशीतून, भिंतींतून निघाला आणि खोलीभर झाला. देवळीतल्या डबीचं झाकण बारीक थरथरलं.

चंद्रव्वा भिंतीला पाठ लावून खाली बसली. तिने पाठ पूर्ण टेकवली, डोळे मिटले. दोन वर्षांत तिचा चेहरा असा सैल झाला नसावा.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्योच की ओ आवाज! तितं मला रातीला ह्याची लई आटवन यायची. आतड्याचाच म्हनून मनाला मारायची मी. म्हनायची, पाप हाय, आटवू नको." तिने डोळे उघडले. ती हसत होती. "आनी तांब्यात बी त्योच येतोय! जरा बी फरक न्हाय!"

बसप्पाचा गज तारेच्या टोकापर्यंत आला. त्याने तो उचलला नाही. परत मागे ओढला, सूर तुटू दिला नाही.

"मग आदीच का न्हाय लावल्या ह्या तारा?" तिच्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "येवढंच हुतं तर, दोन वर्सं मी तितं कशापाई बसले?"

आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत, पाठ भिंतीला तशीच लावून. बसप्पा वाजवत राहिला.