पलीकडच्या समुद्राकडे

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, दोन दारांची मोटार आहे. उत्तरेकडच्या कारखान्यात मी जन्मले, पण आयुष्य गेलं दक्षिण इटलीत, पूर्व किनाऱ्यावरच्या त्रानी बंदरात, सावेरिओ पाथरवटाच्या घरी. माझ्या टपावर त्याच्या शिड्या असत, मागे छिन्न्या नि हातोडे. रविवारी तो मला पुसून लख्ख करी. त्याची बायको नुन्झिया म्हणे, "एवढं मला जपलं असतंस तर!" पुढे त्याचं काम सुटलं आणि मी गोठ्यात पडून राहिले. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या.

या वसंतात त्याने अचानक मला बाहेर काढलं.

"डोंगरापलीकडचा, पश्चिमेचा समुद्र बघायचाय," तो म्हणाला.

"आत्ताच कुठून आठवला?" नुन्झियाने विचारलं.

"बस तू."

आल्तामुरा गावात पाव घेऊन निघताना माझं चाक फुटपाथवर चढलं. मातेराच्या दगडी गल्लीत माझा आरसा भिंतीला घासला. "गल्लीच अरुंद," तो पुटपुटला. पण त्याचे हात माझ्या स्टिअरिंगवर होते, मित्रांनो. तो रस्ता बघत नव्हता, चाचपत होता. मला कळलं, पण मोटारीला बोलता कुठे येतं?

डोंगर ओलांडून मारातेआचा उतार लागला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला बुटकी भिंत आणि खाली खोल समुद्र. वळण आलं. स्टिअरिंग हललंच नाही.

"वळव! सावेरिओ, वळव!"

मी होता नव्हता तेवढा ब्रेक लावला. माझं नाक भिंतीवर आदळलं. एक दगड सुटून खाली गेला. तो पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"भिंत दिसली नाही तुला?"

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. "समोरचं काहीच दिसत नाही, नुन्झिया. मधोमध काळोख. कडेचं तेवढं दिसतं, डॉक्टर म्हणतो तेही जाईल."

"आणि मला घेऊन डोंगर चढलास, मेल्या!"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

तिने डोळे पुसले, उतरून माझं दार उघडलं. "सरक."

"तुला जमेल?"

"लायसन्स आहे माझ्याकडे. तूच कधी हात लावू दिला नाहीस."

गिअर करकरले. पहिल्या गिअरमध्ये, इंच इंच, आम्ही उतरलो. मागे भोंग्यांचा नुसता गोंगाट; ती खिडकीतून हात काढून शिव्या घालत होती आणि रडत होती. माझ्या तोंडातून वाफ येत होती, तरी मी दम सोडला नाही.

किनाऱ्यावर तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून हळूच बाजूला वळवला.

"आता?"

"थांब... हां. आपल्यापेक्षा निळा आहे गं."

मित्रांनो, आम्हा मोटारींचं दुखणं खडखड करतं, धूर सोडतं, सगळ्यांना कळतं. माणसं मात्र आपलं दुखणं दाबून ठेवतात. घरातलं कुणी अडखळू लागलं तर चिडू नका. जवळ बसा आणि विचारा.