डावा कोपरा

“हेऽऽ हुर्र, हुर्र, हुर्र... या गं बायांनो, या!”

दोन वर्षांपूर्वी सुंदरानं कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावर ही हाळी पहिल्यांदा दिली, तेव्हा सगळ्या मुली पोट धरून हसल्या होत्या. मेंढरं वळवायची हाळी ती. हातात चेंडू, तेलानं चापून बसवलेले केस, आणि गळ्यातून घोटावड्याच्या डोंगरउतारावरचा तो आवाज.

“हसा,” ती म्हणाली होती, “पन पळा. मी हुर्र केलं की समद्यांनी उजवीकडं गोळा व्हायचं. समोरच्या पोरी तुमच्या मागनं येत्यात. चेंडू तुमच्याकडं टाकते अन् मी डाव्या कोपऱ्यात जाते. तितं परत फेका. न बघता फेका. मी असनारच.”

मी असनारच. ती असायचीच. त्या वर्षी त्या कोपऱ्यातून तिनं किती बास्केट केले, याची कुणी मोजदाद ठेवली नाही.

आता वैशाख होता. परीक्षा संपल्या होत्या आणि सुंदराला जाऊन आठ महिने झाले होते. मागच्या सप्टेंबरात, संघाच्या पहिल्या सरावाच्या सकाळी, कारखान्यांच्या रस्त्यानं धावत येताना तिला टेम्पोनं उडवलं. पाऊस होता, धुकं होतं. घरून निघायला उशीर झाला असेल, म्हणून धावली असेल, असं सगळे म्हणाले. आरोहीनं कुणाला काही म्हटलं नाही.

उज्वला मॅडमनी सुट्टीआधी मुलींना बोलावलं होतं. पुढच्या हंगामाचे पहिले पाच ठरवायचे होते. पाच वाजून गेले तरी कोर्टाचं सिमेंट तापलेलं होतं. कडेच्या सावलीत बसून त्यांनी नेहमीसारखी वस्तूंची मांडणी केली. बास्केटखाली सृष्टीची पाण्याची बाटली, कारण सेंटर तीच. उजवीकडे अनसूयाचा बूट. मागे दोन टोप्या, दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या.

“माझा बूट नको ना,” अनसूया म्हणाली, “वास येतो.”

“येऊ दे की,” सृष्टी म्हणाली. “समोरची टीम जवळ येणार न्हाई. फुकटचा डिफेन्स.”

मॅडम हसल्या. मग सगळ्यांची नजर मधल्या जागेवर गेली आणि हसू ओसरलं. चेंडू घेऊन पुढं येणारीची, सगळ्यांना चालवणारीची ती जागा. तिथं काहीच ठेवलेलं नव्हतं. जाता-येता मुली त्या जागेला वळसा घालत होत्या, रांगोळीला घालावा तसा.

“आरोही,” मॅडम म्हणाल्या, “तुझं घड्याळ काढ आणि ठेव तिथं.”

“नको मॅडम. अनसूया खेळेल तिथं. मी बाजूला.”

“मी?” अनसूया उडालीच. “माझ्या हातात चेंडू दिला तर तो पिरंगुटला जाऊन थांबेल.”

“मग पहिल्या वर्षाची एखादी घ्या.”

“पहिल्या वर्षाची मुलगी आणि पुण्यातल्या कॉलेजांपुढं?” मॅडमचा आवाज चढला. “गेल्या सेमीफायनलला काय झालं, आठवतंय? तीन वेळा, आरोही. चेंडू तुझ्या हातात, सगळ्या उजवीकडं, आणि तू तीन वेळा चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकलास. रिकाम्या कोपऱ्यात. पंच माझ्याकडं बघत होते.”

आरोहीनं तेव्हा न बघताच फेकला होता. हातानं फेकला होता. आणि चेंडू रेषेबाहेर भिंतीवर आपटेपर्यंत, तिन्ही वेळा, तिथं कुणीतरी आहे अशी तिची खात्री होती.

“हाताला सवय हाय मॅडम,” सृष्टी हळू म्हणाली. “आमच्या पन. कधीमधी मी पास टाकते नि मागनं कळतं.”

तेवढ्यात अनसूयाच्या मांडीजवळचा चेंडू सुटला. सिमेंटवरून गरगरत निघाला आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबला. कुणी उठलं नाही.

“कोर्टाला उतार हाय तिकडं,” सृष्टी म्हणाली. “पहिल्यापासनं हाय.”

“हो, आहे,” मॅडम म्हणाल्या. पण चेंडू आणायला त्याही उठल्या नाहीत.

चेंडूला उतार असेल. आरोहीला उतार नव्हता, तरी तिचं मन रोज तिकडंच जाऊन थांबायचं. फाट्यावरच्या त्या वडाखाली.

ठरलेली गोष्ट होती. आरोही आपल्या गावाहून, चांद्याहून, स्कूटरवर निघायची. सुंदरा डोंगरावरच्या झापातून, त्यांच्या गवती खोपटातून, उतरून साडेसहापर्यंत फाट्यावर यायची. पोचली की तिनं एक मिस कॉल द्यायचा, म्हणजे समजायचं की ती वडाखाली उभी आहे. तिच्या फोनमध्ये बोलण्याइतका बॅलन्स क्वचितच असे, आणि एका रिंगेत दोघींचं सगळं बोलून व्हायचं. मैत्री त्याहून जुनी. दर वैशाखात सुंदराच्या बापाची मेंढरं कोकणातून घाट चढून आली की चार रात्री आरोहीच्या शेतात खतासाठी बसायची. अर्ध्या शेतात आता भाड्याच्या खोल्या झाल्या, तरी उरलेल्या अर्ध्यात बसायचीच. दोघी बांधावर बसायच्या आणि सुंदरा तिच्या आजीची ओवी म्हणायची:

पुढल्या गं मेंढीच्या गळ्यात घागरी
मागल्या पिलाला वाट दाविते डोंगरी

मग मागच्या सप्टेंबरात, त्या सरावाच्या आदल्या संध्याकाळी, मॅडमनी ग्रुपवर यादी टाकली. मधल्या जागेवर सुंदरा. आरोही राखीव.

दुसऱ्या सकाळी सहा वीसला एक रिंग वाजून थांबली. आरोही तेव्हा स्कूटर बाहेर काढत होती. तिनं फोन दप्तरात टाकला आणि फाट्याला न जाता आतल्या रस्त्यानं सरळ कॉलेज गाठलं. येऊ दे चालत, कप्तानीण. एवढंच मनात आलं होतं तिच्या. एवढंसंच. सहा एकतीसला पुन्हा रिंग वाजली, ही पुरी वाजली. सहा चाळीसला आणखी एक. सुंदराच्या फोनचा रस्त्यावर चुरा झाला. त्या तीन रिंगा आता फक्त आरोहीच्या फोनमध्ये उरल्या होत्या. पुसाव्यात म्हणून ती त्यांच्यावर बोट ठेवायची आणि बोट तसंच राहायचं.

“कारण सांग,” मॅडम म्हणत होत्या. “मला तुझ्याशिवाय दुसरी दिसत नाही. तू नाही म्हणालीस तर मी या वर्षी नाव नोंदवणार नाही. पाय मुरगळलाय? घरचे नको म्हणतात? काय ते सांग.”

आरोही बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

“तिला भ्या वाटतंय,” सृष्टी म्हणाली. “मला बी वाटलं असतं.”

आणि तेव्हाच आवाज आला.

“हेऽऽ हुर्र, हुर्र, हुर्र...”

कुणी काही ठरवलं नाही. सृष्टी उठली, अनसूया एका पायात बूट नसताना उठली, दोन्ही टोपीवाल्या उठल्या आणि चौघी उजवीकडं धावत जाऊन थांबल्या. आरोही मधल्या जागेवर उभी होती. आपण तिथं कधी आलो हे तिला कळलं नाही. तिची मान वळलेली होती डाव्या कोपऱ्याकडं, आणि हात पुढं झालेले होते, चेंडू नसलेले.

कोपऱ्यात फक्त चेंडू होता. त्याच्यावर भिंतीची सावली येऊन टेकली होती.

कुंपणापलीकडच्या रस्त्यावर धूळ उठली. मेंढरं चालली होती, एकमेकींच्या पाठीवर माना टाकून. पुढच्या मेंढीच्या गळ्यातली घंटी वाजत होती. मागं खांद्यावर घोंगडं टाकलेला माणूस होता. सुंदराचा बाप, धुळा. आज चांद्याला, आरोहीच्या शेतात मेंढरं बसवायला निघालेला.

कुंपणाच्या जाळीपाशी येऊन तो थांबला. उजवीकडं उभ्या राहिलेल्या चार पोरींकडं बघत राहिला.

“ह्ये काय गं?” तो म्हणाला. “तुमाला बी वळवलं का मी?”

कुणाला हसू आलं नाही. अनसूया रडायला लागली.

“तिनं शिकवलं होतं हे,” मॅडम जाळीजवळ गेल्या. “धुळाकाका, पुढच्या वर्षाची टीम ठरवतोय. तिच्या जागी मला आरोही हवीये. ती ऐकत नाही. तुम्ही तरी सांगा.”

धुळानं काठीवर हनुवटी टेकली. मेंढरं त्याच्या पायाशी खोळंबली.

“आरू,” तो म्हणाला, “घे की बाय ती जागा. माझं ऐक. ती जागा रिकामी झाली त्यात तुझा काय दोष? दोष माझा हाय.”

“काका...”

“व्हय. त्या सकाळच्याला एक मेंढी व्याताना अडली व्हती. सुंदरी निघाली व्हती बघ, पिशवी खांद्याला लावून. मीच म्हनलं, पोरी, तुझा हात बारीक हाय, जरा पिलाला वडून दे अन् मग जा. तिनं वडलं. हात धुवायला बी थांबली न्हाई, तशीच पळाली.” त्यानं पुढच्या कळपाकडं मान वळवली. “त्ये पिलू म्हंजी आता ती घंटी बांधलेली मेंढी. तिला बघितलं की मला समजतं, म्या पोरीला उशीर केला. तिची आय बी तेच म्हनती. तोंडानं न्हाई म्हनत. भाकरी वाढताना म्हनती.”

घंटी वाजली. मेंढीनं मान हलवली असेल.

“म्हनून म्हनतो, तू खेळ,” धुळा म्हणाला. “माझ्या पायी तुमी पोरींनी कशाला थांबायचं?”

आरोही जाळीपाशी गेली. तिनं तारेत बोटं अडकवली. तार तापलेली होती, तरी तिनं बोटं काढली नाहीत. मागं मुली उभ्या होत्या, मॅडम उभ्या होत्या, आणि तिला वाटलं डाव्या कोपऱ्यातही कुणी उभं आहे, पास यायची वाट बघत.

“काका, तिला उशीर झालाच नव्हता,” ती म्हणाली. “सहा वीसला ती फाट्यावर पोचली होती, वेळेच्या आधी. मला तिची रिंग आली. मग आणखी दोनदा आली. तिची निवड झाली म्हणून मला राग आला होता. मी तिला घ्यायला गेलेच न्हाई. वीस मिन्टं ती वडाखाली माझी वाट बघत उभी होती, काका. माझी.”