आजोळचं घोंगडं

तपासणीच्या टेबलापलीकडच्या बाईंनी हातात रबरी मोजे चढवले, तेव्हाच मुंजाबा एक पाऊल मागे सरकला.

बाईंनी पिशवीतून घोंगडं बाहेर काढलं, उलगडलं, नाकाजवळ नेलं. मग शेजारच्या साहेबाला हाक मारली. त्यानंही वास घेतला. दोघं आपसात काहीतरी बोलले आणि मुंजाबाकडे बघून मान हलवू लागले. मलेशियातल्या पेनांग बंदराच्या त्या गारेगार दालनात मुंजाबाला घाम फुटला.

"काय म्हणायल्यात त्या?" वच्छलाबाईनं पदर सावरत हळूच विचारलं.

"गप ऱ्हा. मोजे घालून हात लावायल्यात, म्हंजी काय तरी हाय."

मुंजाबाचं वय अठ्ठावन्न. बजाजनगरात बोअरच्या मोटारी विकायच्या आणि जळलेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून द्यायची, हा त्याचा धंदा. विमानात तो पहिल्यांदा बसला तीन दिवसांपूर्वी, जहाजात परवा. ही सगळी करामत दुष्काळाची. गेल्या पावसाळ्यात पावसानं पाठ फिरवली आणि संभाजीनगरच्या भोवती जेवढे नवे प्लॉट पडले होते तेवढ्यांचे बोअर एकामागून एक कोरडे पडले. चारशे फुटांवरची मोटार सहाशेवर गेली, सहाशेवरची आठशेवर. लोक टँकरमागे धावत होते आणि मुंजाबाच्या दुकानातून मोटारी हातोहात जात होत्या. मोटार कंपनीनं खूश होऊन चाळीस दुकानदारांना जोडीनं सिंगापूरहून जहाजाच्या सहलीला पाठवलं. ही बातमी ऐकून मुंजाबाला आधी लाजच वाटली. गल्लीत हंड्यांची रांग लागलेली असताना आपण समुद्रात फिरायला जायचं, हे कुणाला सांगावं तरी कसं? पण सहलीच्या कागदावर गावांची नावं होती आणि त्यात पेनांग होतं. पेनांगला त्याची लेक होती.

ज्ञानेश्वरीचा नवरा शिवशंकर तिथल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होता. अडीच महिन्यांपूर्वी ज्ञानेश्वरीला मुलगी झाली. प्रांजली. बाळंतपणाला जायचं ठरलं होतं, पण तेव्हा मोटारींचा हंगाम ऐन भरात होता आणि जाणं राहून गेलं. लेकीनं शब्दानं बोल लावला नाही, म्हणून मुंजाबाला ते जास्त लागलं होतं.

आणि घोंगडं? मुंजाबाच्या घरात एक रीत होती. लेकीचं पहिलं मूल आजोळच्या घोंगड्यावर ठेवायचं. आईच्या बापानं आपल्या हातानं घोंगडं अंथरायचं, मूल त्यावर टेकवायचं, मग मांडीवर घ्यायचं. घोंगडं अंथरेपर्यंत त्यानं मुलाला हात लावायचा नाही. हे घोंगडं त्याच्या बापाच्या, धोंडिबाच्या मेंढरांचं. मागच्या मोठ्या दुष्काळात चारा नाही, पाणी नाही म्हणून धोंडिबानं सगळा कळप विकला. त्याआधीच्या शेवटच्या कातरणीची लोकर तेवढी मागे ठेवली आणि सणगराकडून हे घोंगडं विणून घेतलं. त्याच हिवाळ्यात म्हातारा गेला. मेंढरं गेली, म्हातारा गेला, घोंगडं राहिलं. दुसरं करायचं म्हटलं तर आणायचं कुठून?

खरं तर मुंजाबाइतका नियमाला भिणारा माणूस त्या जहाजावर दुसरा नव्हता. सिग्नल हिरवा झाला तरी आधी पोलिसाकडे बघून मग गाडी काढणारा हा माणूस. आदल्या संध्याकाळी सहलीच्या व्यवस्थापक पद्मजा मॅडमनी सगळ्यांना गोळा करून सूचना दिल्या होत्या.

"जे आपल्या बसमधून येणार नाहीत, स्वतःचे स्वतः उतरणार आहेत, त्यांनी नीट ऐका. जहाजाचं कार्ड गळ्यात आणि पासपोर्ट जवळ. साडेचारच्या आत परत, जहाज कुणासाठी थांबत नाही. सोबत बिया नाहीत, फळं नाहीत, घरचं खाणं नाही. आणि पुड्या तर मुळीच नाहीत."

चाळीस दुकानदारांत एकटा मुंजाबा ते वहीत लिहून घेत होता.

"मॅडम, साडेचार म्हंजी जहाजाचे का गावाचे?"

"दोन्हीकडे एकच वाजतात, मुंजाबाभाऊ."

"तरी बी."

सगळे हसले. मुंजाबा हसला नाही. केबिनमध्ये जाऊन त्यानं बायकोची पिशवी पलंगावर पालथी केली. डिंकाचे लाडू निघाले. ओटीसाठी आणलेली ज्वारी निघाली. बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी निघाली.

"हळद हाय ती. देवाची," वच्छलाबाई म्हणाली.

"तुला म्हाईत, मला म्हाईत. तिथल्या पोलिसाला कोण सांगंल? पिवळी पूड बघून आत टाकत्यात तिकडं."

वच्छलाबाईनं पुडीतली चिमूट स्वतःच्या कपाळाला लावली, त्याच्या कपाळाला लावली आणि पुडी टेबलाच्या खणात ठेवून दिली. रात्रभर ती त्याच्याशी बोलली नाही. पिशवीत फक्त घोंगडं आणि तिनं हातानं शिवलेली टोपडी उरली. घोंगड्यालाही एखादा नियम लागू होऊ शकतो, हे मुंजाबाच्या डोक्यातच आलं नाही. घोंगडं म्हणजे अंथरूण. अंथरुणाला कसला आलाय नियम?

आता ते अंथरूण टेबलावर पसरलेलं होतं. बस सोडून पद्मजा मॅडम धावत आल्या, बाईंशी इंग्रजीत बोलल्या आणि मुंजाबाकडे वळल्या.

"कच्च्या लोकरीचं आहे म्हणतात. जनावराच्या वस्तूला तपासणीचा कागद लागतो. तो नसेल तर बाहेर नेता येणार नाही. पण काळजी करू नका, इथं ठेवा, पावती घ्या, येताना परत न्या. नाहीतर वर केबिनमध्ये ठेवून या."

पावती म्हटल्याबरोबर मुंजाबाचा हात आपोआप खिशातल्या पाकिटावर गेला. त्या पाकिटात बिरोबाच्या फोटोमागे अकरा वर्षांची एक पावती होती. त्याच मागच्या दुष्काळात तलावातलं पाणी पिण्यासाठी राखलं होतं आणि एके दिवशी तहसीलचं पथक येऊन काठावरच्या सगळ्या मोटारी उचलून घेऊन गेलं. त्यात मुंजाबानं गावच्या बन्सीला वापरायला दिलेली मोटार होती. शिक्क्याची पावती मिळाली. ती घेऊन त्यानं कचेरीत अकरा खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला मोटार मिळाली, पण नुसती बॉडी. आतली तांब्याची तार कुणीतरी काढून नेली होती. तेव्हापासून पावती म्हणजे काय, हे मुंजाबाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"पावतीवर नाय ठिवत मी," तो म्हणाला.

"मग केबिनमध्ये?"

"अन् लेकराला ठिवायचं कशावर, मॅडम?"

बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. पद्मजा मॅडमनी कपाळाला हात लावला, बाईंना काहीतरी सांगितलं आणि त्या बसकडे धावल्या. मुंजाबानं घोंगड्याची घडी केली, छातीशी धरली आणि भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसला.

"तू हो पुढं," तो बायकोला म्हणाला. "जावई फाटकाशी उभं हायती. मी घंट्याभरात आलोच."

"अन् तुमी?"

"बसतो. बसून ऱ्हायलं की साहेबाला कवा तरी दया येतीच. बोअरचं कनेक्शन असंच बसून आणलं व्हतं का नाय?"

वच्छलाबाई गुलमंडीच्या बाजारात साडी घ्यायलाही कधी नवऱ्याशिवाय गेली नव्हती. ती त्याच्याकडे, मग काचेच्या दाराकडे बघत राहिली. मग तिनं गळ्यातलं कार्ड दोन्ही हातांनी धरलं आणि एकटी चालू लागली. दारापाशी तिनं एकदा वळून पाहिलं. मुंजाबानं हातानं 'जा, जा' अशी खूण केली.

बसून राहण्याचा मुंजाबाला सराव होता. साहेबाच्या नजरेसमोर बसायचं, हात जोडायचे, काही मागायचं नाही. निम्म्या कचेऱ्या त्यानं अशा जिंकल्या होत्या. पण या बाई कचेरीतल्या साहेबांसारख्या चिडत नव्हत्या आणि विरघळतही नव्हत्या. मुंजाबानं हात जोडले की त्या हसून मान लववत होत्या. एकदा त्यांनी पाण्याची बाटली आणून दिली. मुंजाबाला वाटलं, काम झालं. त्यानं घोंगडं पुढे केलं. बाईंनी पुन्हा हसून नकारार्थी मान हलवली आणि भिंतीवरच्या एका फळीकडे बोट दाखवलं. फळीवर कुणाकुणाच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. मुंजाबानं घोंगडं आणखी घट्ट धरलं.

अकराला लेकीचा फोन आला.

"आप्पा, माय पोचली. ऱ्हाऊ द्या ना ते घोंगडं. तुमी या."

"येतो ना. बाईला दया येईल असं दिसायलंय. लेकराचा ताप कसा हाय?"

"लसीचा हाय, उतरंल. नाय तर मीच घिऊन आले असते तिला."

"नगं नगं. तापल्या अंगाचं लेकरू उन्हात काढू नगंस."

साडेबाराला जावयाचा फोन आला. "मामा, इथं पावती म्हणजे पावती असते हो. ठेवा आणि टॅक्सी करा, मी ड्रायव्हरला पत्ता सांगतो."

"जावईबापू, तुमी अजून लहान हायसा," मुंजाबा म्हणाला. बाई नुकत्याच जेवायला गेल्या होत्या. त्या आल्या की शेवटचं विचारू, असं त्यानं ठरवलं.

बाई परत आल्याच नाहीत. दोन वाजता त्यांच्या जागी दुसरा, मिशीवाला साहेब येऊन बसला. मुंजाबानं त्याला हात जोडले. साहेबानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. सकाळपासून ज्या माणसासमोर बसलो तोच उठून गेला, आता पुन्हा पहिल्यापासून बसावं लागणार, हे मुंजाबाच्या लक्षात आलं आणि तो एकदम घाबरला. घड्याळात अडीच वाजले होते. त्यानं जावयाला फोन लावला.

"येतो मी. ठिवतो ह्ये इथं. गेलं तर गेलं. टॅक्सीवाल्याला सांगा."



"मामा, घर पुलाच्या पलीकडं आहे. यायला सव्वा तास, जायला सव्वा तास. साडेचारला जहाज. आता नाही व्हायचं. मी मामींना घेऊन निघालोच आहे."

मुंजाबा पुन्हा बाकावर बसला. जहाज चुकलं तर काय, हा विचार त्यानं करून पाहिला. परका मुलूख, पासपोर्ट, पोलीस. लेक तासाभरावर होती आणि तो भीतीनं जागचा हलू शकत नव्हता. त्याला स्वतःचा मनस्वी राग आला.

साडेतीनपासून जहाजाची माणसं परतू लागली. टोप्या घातलेली, उन्हानं लाल झालेली, हातात खरेदीच्या पिशव्या. त्यातली काही टेबलापाशी थांबत होती. एका गोऱ्या म्हाताऱ्यानं पावतीची चिठ्ठी पुढे केली. मिशीवाल्या साहेबानं फळीवरची पिशवी काढून दिली. म्हाताऱ्यानं ती उघडलीसुद्धा नाही, काखोटीला मारून चालू लागला. मग एका बाईनं चिठ्ठी दिली, तिला आंब्यांची परडी मिळाली. परडीतला एकही आंबा कमी झालेला नव्हता. मग एक पोरगी आली. मग एक जोडपं. मुंजाबा प्रत्येकाकडे बघत होता. कुणाची तरी वस्तू सापडू नये, कुणाशी तरी साहेबानं वाद घालावा, अशी तो मनातल्या मनात वाट बघत राहिला. तसं काही झालं नाही. चार वाजेपर्यंत ती फळी रिकामी झाली.

वच्छलाबाई आली तेव्हा तो तिथंच बसून होता. तिनं कार्ड यंत्राला लावलं, जमिनीवरची पिवळी रेघ ओलांडली आणि झपझप त्याच्याकडे आली. सकाळी दाराकडे बघत उभी राहिलेली बाई ही नव्हे, असं त्याला वाटलं.

"जेवलात का?"

"व्हय," तो खोटं बोलला.

ती शेजारी बसली.

"कपाळ तुमच्यावानी हाय," ती म्हणाली. "रडती लई. पर हातात घेतली की गप. ज्ञानी सारखी दाराकडं बघत व्हती. गाडी वाजली की उठायची."

मुंजाबानं मान खाली घातली. "माझं चुकलं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत बायकोपाशी त्यानं हे पहिल्यांदा म्हटलं होतं. वच्छलाबाईनं त्याला बोल लावला नाही. नुसतं घोंगड्याचं एक टोक हातात घेतलं आणि म्हणाली, "चला. तुमचं साडेचार व्हायलंय."

केबिनमध्ये आल्यावर त्यानं पाकीट काढलं, बिरोबाच्या फोटोमागची ती जुनी पावती काढली, बघितली आणि पुन्हा होती तिथं ठेवली. बाहेर भोंगा वाजला. जहाज हललं. खिडकीतून धक्का मागे जाताना दिसू लागला.

वच्छलाबाईनं पिशवीतून एक टोपडं काढलं. तिनंच शिवून नेलेलं.

"ह्ये छोटं झालं तिला. आज दुपारपातुर घातलं व्हतं, मंग काढलं. मी मागून घेतलं. धुऊ दिलं नाय."

मुंजाबा बराच वेळ त्या टोपड्याकडे बघत राहिला. मग उठला. दोन पलंगांमध्ये जेमतेम जागा होती, तिथं त्यानं घोंगडं अंथरलं. सुरकुत्या हातानं साफ केल्या. वच्छलाबाईनं खणातली पुडी काढून चिमूटभर भंडारा त्याच्या हातावर ठेवला, तो त्यानं घोंगड्यावर टाकला. मग तिच्याकडून टोपडं घेऊन त्यानं ते मधोमध टेकवलं आणि मांडी घालून समोर बसला. टोपड्याला दुधाचा वास येत होता.

थोड्या वेळानं त्यानं ते उचललं. उचलताना एक हात खालून धरला, तान्ह्या बाळाची मान सावरायला धरतात तसा, आणि अलगद मांडीवर घेतलं.