कुठली गंगा?

मित्रांनो, पाय तीन, पाठ अजिबात नाही आणि वय विचारू नका, अशी मी एक जुनी घडीची तिपाई आहे. गंगाखेडच्या विष्णुपंत मास्तरांनी लेकीसाठी, स्वरदासाठी, मला सागवानातून करवून घेतलं. तिनं घाटावर माझ्यावर बसून चित्रं काढावीत, ही त्यांची हौस. आमच्याकडे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात.

पुढे स्वरदा प्रागला गेली, मलाही घेऊन गेली. तिथल्या नदीवर तिचा जीव जडला. तिच्यासारखेच लांबून आलेले सोबती भेटले. चिलीची एक कवयित्री, इराणचा एक चित्रकार. आपापलं गाव सोडून सगळे त्या एका शहराच्या प्रेमात! आळीपाळीनं माझ्यावर बसायचे, दगडी पुलाकडे बघत लिहायचे, रंगवायचे. स्वरदा त्या नदीलाही गंगाच म्हणायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग मास्तर गेले. स्वरदा मला घेऊन घरी आली. परत निघताना सामानाचं वजन जास्त झालं. आईच्या लोणच्याची बरणी विमानात बसली, मी मागे राहिले. आता माझ्यावर पिठाचा डबा बसतो. त्याला नदीचं काय कौतुक!

यंदा दसऱ्याच्या आधी स्वरदाचा फोन आला. "आई, दसऱ्याला गंगेवर बसणारंय चित्रं काढायला. सगळे मित्र बी येणारेत."

तिची आई सुमंगलाबाई आनंदानं "बरं, बरं" म्हणाल्या आणि पुढचं विचारायचंच विसरल्या. डबा खाली उतरला. मला पुसून तेल लावलं, उन्हात ठेवलं. गाद्याही वाळत पडल्या. शेजारच्या कमलबाईंना त्यांनी हाक मारून सांगितलं, "स्वरदा यायलीय!"

"लय दिसांनी की! पुरणाला मी येते हाताखाली."

दसऱ्याला दुपारी पुरण शिजत होतं, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. स्वरदाच्या मागे तो दगडी पूल होता. "आई, बघ, गंगा!"

बाईंनी पुरणाखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "छान दिसायलीय गं." गाद्यांचं काही बोलल्या नाहीत, पुरणाचंही नाही.

संध्याकाळी त्या मला काखेत धरून घाटावर गेल्या. पहिल्यांदाच माझ्यावर बसल्या आणि अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत. बाई अगदी हलक्या आहेत, तरी त्या दिवशी मला त्यांचा भार सोसवेना.

मित्रांनो, परक्या नदीला आपल्या नदीचं नाव खुशाल द्या. माया असली की तसं होतंच. फक्त घरी फोन कराल तेव्हा कुठली गंगा, तेवढं आधी सांगत जा.